उकिरडा आपला, फुलं आपली

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे वरवर तरी नाही. आज खतावर लिहितोय. जास्वंद, मोगरा, गुलाब, अनंत अशा फुलझाडांना घरच्या घरी काय घालायचं, कधी घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, हा विषय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. त्या चहाचा चोथा कुठं टाकायचा तेही पुढं येतंच.

निमित्त असं झालं की गेल्या काही महिन्यांत गच्चीवरच्या बागेबद्दल विचारणा फार वाढली. "दादा, जास्वंदीच्या कळ्या गळतात, काय टाकू?" "गुलाबाला केळ्याच्या सालीचं पाणी किती दिवस घालायचं?" मी कृषी पदवीधर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला साधा बातमीदार आहे. पण कचऱ्याच्या बातम्या वीसेक वर्षं केल्या आणि आमच्या गॅलरीत नि गच्चीवर पंधरा कुंड्या आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, तेच आज सांगायचंय.

मी मूळचा सासवडचा. बातम्या करत करत हडपसरला येऊन राहिलो. सासवड-हडपसर रस्त्यावर मोटरसायकलवर निम्मं आयुष्य गेलं. दिवेघाट उतरला, वडकी मागं पडली आणि उरुळी देवाची आली की हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं जायचा. माउलींची पालखी ज्या रस्त्यानं जाते तोच हा रस्ता. जुन्या पुणेकरांना कोथरूडचा कचरा डेपो आठवत असेल. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. तिथं कचरा टाकणं थांबलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीला जायला लागला. सगळा एकत्र. भाजीची देठं, खरकटं, प्लास्टिक, औषधाच्या बाटल्या, सगळं एकाच ढिगात.

आमच्या आत्याचं सासर फुरसुंगी. तिच्या दारात लाल जास्वंदीचं एवढं मोठं झाड होतं, की सकाळी शेजारच्या चार घरांचे देव त्याच फुलांवर व्हायचे. पुढं त्यांच्या विहिरीच्या पाण्याला रंग आला, वास आला. महापालिकेचे टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी प्यायला पुरेल का याची चिंता, तिथं जास्वंदीला कोण घालणार? एकदा मी जेवायला गेलो होतो, तेव्हा ताटावर फिरणाऱ्या माश्या हाकलत ती म्हणाली, "तुमच्या पुण्याचं उष्टं-खरकटं आमच्या दारात, आणि तू आम्हालाच विचारतोस कसं वाटतं म्हणून?" मी वही मिटून ठेवली. या प्रश्नाला बातमीत घालण्यासारखं उत्तर नसतं.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे पुण्याच्या चौकाचौकात कचरा साचला, विषय मुख्यमंत्र्यांपर्यंत गेला. तेव्हा शहरातल्या अनेकांना पहिल्यांदा कळलं, की आपण दारातून बाहेर ठेवलेली बादली कुठंतरी जाऊन पोचते. आता त्या दोन्ही गावांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झालीय. जुना ढीग उपसून वेगळा करायचं काम वर्षानुवर्षं चाललंय. आपल्यात म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. फुरसुंगीच्या उकिरड्याची दुप्पट वर्षं झाली, तरी फिटली नव्हती.

का फिटली नाही, ते समजून घ्या. कारण तुमच्या कुंडीतल्या गुलाबाचं उत्तरही तिथंच आहे.

सासवडला आमच्या वाड्याच्या मागं उकिरडा होता. गोठ्यातलं शेण, केर, राख, भाजीचा पाला, परसातला पाचोळा सगळं त्यात. पावसाळ्याआधी तोच उकिरडा उपसला की काळंभोर, भुसभुशीत खत निघायचं. वास म्हणाल तर पहिल्या पावसात माती भिजल्यावर येतो तसा. ते शेतात जायचं आणि दोन पाट्या आईच्या मोगऱ्याला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना कचऱ्याचं खत करता येत होतं आणि त्यासाठी कुठलं मशीन लागत नव्हतं. लागत होत्या तीन गोष्टी: वाळला पाला, हवा आणि वेळ.

ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. जिवाणूंना साधारण एका भागाला पंचवीस-तीस भाग अशा प्रमाणात नत्र आणि कर्ब मिळाले, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राहिला आणि हवा खेळती राहिली, की ते कचऱ्याचं खत करतात. हवा मिळाली नाही की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. मग सडणं सुरू होतं, घाण वास येतो, मिथेन तयार होतो आणि तळाला काळं पाणी सुटतं. घरातली बादली असेल तर आपण दोन मुठी पाला टाकतो, कालवतो, दोन दिवसांत वास जातो. फुरसुंगीला हजारो टनांचा ढीग होता. त्यात कोण पाला टाकणार आणि कोण कालवणार? तोच मिथेन पेटायचा आणि तेच काळं पाणी जमिनीत झिरपायचं.

म्हणून पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. झाडाला कचरा चालत नाही, खत लागतं. गावालाही कचरा चालत नाही. मधलं काम कुणीतरी करावं लागतं आणि ते जितकं घराजवळ होईल तितकं सोपं.

आधी, काय करायचं नाही

मोबाईलवर रोज एक नवीन नुस्खा फिरतो. त्यातले तीन घेऊ.

केळ्याच्या सालीचं पाणी. सालीत पालाश आहे, खरं आहे. पालाश फुलासाठी लागतो, हेही खरं. पण साल रात्रभर पाण्यात ठेवून त्यातला थोडाच भाग उतरतो, आणि नत्र तर त्यात नावापुरतंच. नुसत्या या पाण्यावर ठेवलेलं झाड उपाशीच राहतं. साल बारीक चिरून खताच्या बादलीत टाका, सगळा पालाश खतात येईल.

चहाचा चोथा थेट कुंडीत. आपला चहा म्हणजे दूध आणि साखर. गोडावर मुंग्या येतात. मुंग्या आल्या की जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण वाढतो, कारण त्याच्या अंगातून निघणाऱ्या चिकट गोड रसासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. "औषध मारूनही पिठ्या जात नाही" अशी तक्रार असेल तर आधी कुंडीत मुंग्या आहेत का बघा. चोथा दोन पाण्यांनी धुवा आणि तोही बादलीतच टाका.

अंड्याची टरफलं. यात चुना आहे, पण तो मातीत उतरायला फार वेळ लागतो. मोठे तुकडे वर्षभर तसेच दिसतात. पार भुकटी करून खतात मिसळली तर थोडा उपयोग. आणि अनंताच्या कुंडीत टरफलंही नकोत, राखही नको. अनंताला किंचित आंबट माती लागते. आपल्याकडची काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. म्हणून पुण्यात अनंताची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण अशा मातीत झाडाला ते उचलता येत नाही. वर आणखी चुना घातला तर झाड आणखी पिवळं होतं.

या तिन्हींत एकच गोम आहे, कच्चा माल थेट मुळाशी. कच्चा कचरा कुंडीत कुजायला लागला की जिवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र आणि हवा ओढून घेतात. झाडाला द्यायला गेलो आणि झाडाच्याच तोंडचा घास काढला, असा प्रकार.

आता, काय करायचं

रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या. तळाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर भोकं पाडा. दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाला चार बोटं वाळला पाला. त्यावर दिवसभराचा ओला कचरा, शक्यतो चिरून. त्यावर तेवढाच किंवा दीडपट पाला. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा शेणकाला किंवा वाटीभर आंबट ताक. तीन-चार दिवसांनी एकदा काठीनं खालवर करा. पाणी जास्त वाटलं तर पाला, कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका. पावसाळ्यात वर झाकण हवंच.

तेलकट भाजी, मटणाची हाडं, दुधाचे पदार्थ यात नकोत. लिंबाच्या साली थोड्याच. देवाचं निर्माल्य जरूर टाका, पण हारातला दोरा आणि चमकी काढून. जास्वंदीचं फूल देवाला आणि देवाचं निर्माल्य जास्वंदीला, यात देवाचीही काही हरकत नसावी.

बादली भरली की बाजूला ठेवा, दुसरी सुरू करा. दीड-दोन महिन्यांत पहिली तयार. तयार कशी ओळखायची? रंग काळसर, भाजी ओळखू येत नाही, मुठीत गरम लागत नाही, वास मातीचा. चाळून घ्या. वर राहिलेलं जाडंभरडं पुन्हा नव्या बादलीत विरजण म्हणून.

शेणखत मिळत असेल तर जुनं, कुजलेलंच घ्या. ताजं शेण कुंडीत गरम पडतं. जीवामृत करायचं असेल तर अमरावतीच्या सुभाष पाळेकरांचं एका एकराचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. आपल्या दहा लिटरच्या बादलीला याचा विसावा भाग करा. म्हणजे अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती. सावलीत दोन-तीन दिवस, रोज ढवळायचं. पण एक लक्षात ठेवा, जीवामृत हे मुख्यतः जिवाणूंचं विरजण आहे. कुंडीत खतच नसेल तर नुसत्या विरजणाचं दही लागत नाही.

फुलांवर येणाऱ्या झाडाला जास्तीचा खुराक हवा असेल तर शेंगदाणा पेंड. नत्र सात टक्क्यांच्या आसपास, शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, मग दहापट पाणी घालून पातळ करा. पंधरा दिवसांतून एकदा कुंडीला पेलाभर. आधी साधं पाणी, मग हे. वास येतो, त्यामुळं शेजाऱ्यांकडं पाहुणे येणार असतील त्या दिवशी नको. निंबोळी पेंड मूठभर मातीत मिसळली तर खतही होतं आणि मुळाशी लागणारी कीडही कमी राहते.

कोणाला किती

सगळ्यांना एकच माप नको. घरात जसं आजोबांचं जेवण वेगळं आणि तालमीतल्या पोराचं वेगळं, तसंच.

जास्वंद खादाड. नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळं बारा महिने फूट हवी आणि बारा महिने खाणं. दर महिन्याला दोन मुठी खत. कळ्या गळत असतील तर आधी पाण्याची वेळ, मुंग्या आणि ऊन बघा, खत नंतर.

गुलाबाची छाटणी पुण्यात पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला. छाटणी झाली की वरची दोन बोटं माती काढून खत भरा. दीडेक महिन्यात फूल. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनमध्ये जे पुष्पप्रदर्शन भरतं, तिथले गुलाब बघून आपण आ वासतो. त्यांची तयारी ऑक्टोबरात सुरू झालेली असते.

मोगऱ्याला हिवाळ्यात छाटा, पाणी थोडं तोडा, झोपू द्या. फेब्रुवारीत माती उकरून दोन-तीन मुठी खत आणि भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या.

अनंताला पाल्याचं खत सगळ्यात मानवतं. तगर आणि कण्हेर यांना वर्षातून दोनदा दिलं तरी पुरे. बोगनवेलीला मात्र उपाशी ठेवा. खत आणि पाणी जास्त झालं की ती नुसती पानं काढत बसते.

तेच सगळ्यांना लागू. नत्र फार झालं की पाला माजतो आणि फूल रुसतं. आणि पाच-सहा तास ऊन नसेल तर कुठलंही खत काही करू शकत नाही. खत देताना खोडाला चिकटवून देऊ नका. कुंडीच्या कडेनं गोल द्या, कारण खाणारी बारीक मुळं तिथं असतात. वर माती सारा, पाणी घाला.

झाडांचं झालं. आता माणसांचं.

हिशेब

आमच्या घरात चार माणसं. आठवडाभर काट्यावर मोजलं तर रोजचा ओला कचरा साधारण पाऊण किलो. वर्षाचे पावणेतीनशे किलो. त्याचं खत होता होता वजन पाव ते पंचमांश उरतं, म्हणजे पंचावन्न ते सत्तर किलो. पंधरा कुंड्यांना महिन्याला दोन-दोन मुठी धरल्या तर वर्षाला पस्तीस-चाळीस किलो लागतं. पुरून उरतं. एका घराला एका पोत्याचंही खत विकत आणायची गरज नाही.

आता हेच आमच्या साठ घरांच्या सोसायटीला लावा. रोज पंचेचाळीस किलो. वर्षाला सोळा टनांहून जास्त. एवढा माल आम्ही दरवर्षी गाडीत भरून बाहेर पाठवतो आणि प्रत्येक हंगामात सोसायटीच्या बागेसाठी खताची पोती विकत आणतो. आपलं देऊन टाकायचं आणि तेच पुन्हा विकत घ्यायचं, हा कुठला व्यवहार?

बरं, जागा नाही असंही नाही. आमच्या पार्किंगच्या मागं बिल्डरनं बांधलेले चार खड्डे आहेत, गांडूळखताचे. परवानगीच्या नकाशात ते होते म्हणून बांधले. मी राहायला आलो तेव्हा एकात फुटक्या फरशा, दुसऱ्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू, तिसऱ्यात रंगाचे डबे आणि चौथ्यात पावसाचं पाणी. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देते. आमच्या खड्ड्यांत गांडूळ औषधालाही नव्हतं, पण सवलत चालू होती.

वार्षिक सभेत मी हा विषय काढला. उत्तर आलं, "वास येतो, उंदीर होतात. आणि कचऱ्याचे आपण पैसे देतो की." मी म्हटलं, वास येतो म्हणून आपण ते आपल्या दारात करायचं नाही, मग जिथं जातं तिथल्या माणसांना नाक नाही का? सभेत शांतता पसरली. मग कुणीतरी पार्किंगचा विषय काढला आणि सभा पुढं गेली.

शेवटी काम सभेनं झालं नाही, माळ्यानं झालं. आमचे माळीकाका यवतकडचे, शेतकरी माणूस. ते म्हणाले, "साहेब, उकिरडा म्हणा ना सरळ. खड्डा काय अन् कंपोस्ट काय." दोन खड्डे त्यांनी आणि मी रविवारी रिकामे केले. पाला सोसायटीतच पडत होता. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं फार पटकन कुजतात. वडाची, आंब्याची जाड पानं मात्र चुरून टाकावी लागतात. दोन महिन्यांनी पहिलं खत निघालं ते काकांनी फाटकाजवळच्या तगरी-जास्वंदीला घातलं. आज साठांपैकी अकरा घरं ओला कचरा या खड्ड्यांत देतात. अकराच. पण उंदीर अजून कुणाला दिसलेला नाही, आणि वास येतो म्हणणाऱ्या गृहस्थांनी परवा काकांकडून दोन पाट्या खत गुलाबासाठी नेलं.

कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाही मी विचारलं, की आमचा ओला कचरा कमी झाला तर तुमचं काही नुकसान? पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, आणि त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायका तिच्या सभासद आहेत. ताई हसल्या. "दादा, ओल्याचं आम्हाला काय मिळतं? ओझं तेवढं. सुका कोरडा मिळाला तर चार पैसे. तुमच्या डाळीत भिजलेला पुठ्ठा कोण घेतं?" म्हणजे ओला कचरा घरीच जिरला तर ताईंच्या पाठीवरचं ओझं कमी आणि हातात पैसे जास्त. हेही हिशेबात धरा.

पुण्याचा रोजचा कचरा दोन हजार टनांच्या आसपास. त्यात ओला निम्म्याच्या आसपास. काही जण म्हणतील, तुमच्या बादल्यांनी काय होणार, हे महापालिकेचं काम आहे. आहेच. महापालिकेला प्रश्न विचारायचं काम मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा घरातच वेगळा करायचा आणि मोठ्या सोसायट्यांनी ओला शक्यतो जागेवरच जिरवायचा, हे स्पष्ट होतं. अंमलबजावणी तपासणं प्रशासनाचं काम. पण प्रशासनानं उद्या उत्तमातला उत्तम प्रकल्प उभा केला, तरी तो कुठल्यातरी गावाच्या हद्दीत असेल. त्या गावातही कुणाची तरी आत्या राहत असेल. तिच्या दारापर्यंत जाणाऱ्या गाडीतलं आपलं पाऊण किलो काढून घेणं आपल्या हातात आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर गच्चीतही पीक घेता येतं, हे त्यांनी किती वर्षांपूर्वी दाखवून दिलं. आपल्या पुण्यात अदिती देवधर यांनी 'ब्राऊन लीफ' सुरू केलं, ज्यांच्याकडं वाळली पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देणारं. म्हणजे ज्ञान आपल्याकडं आहे आणि माणसंही आहेत.

तेव्हा तीन कामं सांगतो.

एक, तुमच्या सोसायटीत खताचे खड्डे आहेत का ते जाऊन बघा. असतील तर त्यात काय आहे त्याचा फोटो काढा. मिळकतकराच्या बिलात सवलत आहे का तेही बघा. दोन्ही घेऊन सभेत जा आणि शांतपणे विचारा. भांडू नका. भांडणानं सभा तहकूब होते, खड्डा रिकामा होत नाही.

दोन, खड्डे नसतील तर बादली. या रविवारी. रंगाच्या दुकानात रिकामी मिळते.

तीन, पाला जाळू देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या प्रकाराला ५ हजार रुपये दंड सांगितला. तरी सकाळी फिरायला गेलं की कोपऱ्याकोपऱ्यावर धूर दिसतो. झाडणाऱ्या मावशींवर ओरडू नका, त्यांना पाला नेऊन टाकायला जागा कुणी दिलेली नसते. त्यांना म्हणा, "मावशी, पोतं देतो, यात भरून आमच्या गेटाशी ठेवा." आमच्याकडं मावशी आता स्वतःच हाक मारतात.

जानेवारी ते मार्च पुण्यात पानगळ असते. वर्षभराचा पाला त्या तीन महिन्यांत फुकट मिळतो, नंतर शोधत फिरावं लागतं. धान्याची रिकामी पोती आत्तापासून बाजूला काढून ठेवा. पाच पोती भरली की चार माणसांच्या घराला पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिंता नाही. पोती भिजू देऊ नका, तोंडं बांधा, भिंतीला टेकवून ठेवा.